पुण्यश्लोक अहिल्यादेवी : संसार, शस्त्र आणि तुळशीपत्र



दिंडीला शंभर वर्षं पुरी होतायत, म्हणून या स्मरणिकेच्या निमित्तानं आम्ही जुन्या वह्या बाहेर काढल्या. पेटीच्या तळाशी धडप्यात बांधून ठेवलेल्या. पानं पिवळी पडलेली, कोपरे कुरतडलेले, पण अक्षर ठसठशीत. वीणा कोणाकडे होती, पखवाज कोणी वाजवला, भिशी किती जमली, गव्हाच्या पायल्या किती, बैलगाडी कोणाची, तळ कुठं पडला, सगळं लिहून ठेवलेलं. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. गड्यांची नावं बापासकट, गावासकट आहेत. बायकांची नावं नाहीत. ‘सोबत बायामाणसं’ एवढंच. फार झालं तर ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची म्हातारी’.

भाकरी त्यांनी थापल्या. हंडे त्यांनी वाहिले. तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन आळंदी ते पंढरी त्या चालल्या. चालता चालता कोणाला ताप भरला तर उशाला त्याच बसल्या. आणि वहीत त्यांचं नाव नाही. हे वाचून आम्हाला वाईट वाटलं, खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटली.

मग ठरवलं की या शंभराव्या वर्षी स्मरणिकेत एका बाईचं चरित्र सांगायचं. ती आपल्या फडावरची नव्हे. पण जिनं लढाया पाहिल्या, तोफा हलवल्या, घरातलं एकेक माणूस डोळ्यांसमोर जाताना सोसलं, आणि तरी संसार सोडला नाही की देव सोडला नाही, अशी. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर. नाव सगळ्यांना ठाऊक आहे. चौकात पुतळा आहे, जयंतीला हार पडतो. २०२५ साली त्यांच्या जन्माला ३०० वर्षं झाली. पंढरपूर ज्या विद्यापीठाच्या हद्दीत येतं, त्या सोलापूरच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे आणि आता नगर जिल्ह्यालाही. पण हाराखालचं माणूस आपण किती ओळखतो?

शिवभक्त बाई, मग वारकऱ्यांना काय?

आधी एक शंका फेडून टाकू. कोणी म्हणेल, अहिल्यादेवी शंकराच्या भक्त. त्यांच्या हुकमांवर ‘श्रीशंकर’ असं लिहिलेलं असे, स्वतःचं नाव नसे. कुळाचं दैवत जेजुरीचा खंडोबा. मग विठ्ठलाच्या दिंडीत त्यांचं काय काम?

माउली, नरहरी सोनारांची कथा कीर्तनात ऐकली नाही असा वारकरी दाखवा. डोळ्यांवर पट्टी बांधून विठ्ठलाच्या कमरेचं माप घ्यायला गेले आणि हाताला शंकर लागला. आपला पांडुरंग तर मस्तकावर शिवलिंग धारण करून उभा आहे, असं आपण मानतो. माउलींचे गुरू आणि थोरले भाऊ निवृत्तिनाथ यांची समाधीही ज्योतिर्लिंगाच्या गावी, त्र्यंबकेश्वरी आहे. हरी आणि हर यांत भेद करायचा नाही, हे आपल्याला घरातच शिकवलेलं असतं.

आणि वाटेचं नातं तर आहेच. माउलींची पालखी जेजुरीला मुक्कामाला येते, तेव्हा भंडारा उधळला जातो. पुढं नीरेवर पादुकांना स्नान होतं. त्याच नीरेकाठी होळ नावाचं गाव आहे. त्या होळचे म्हणून होळकर. अहिल्यादेवींचे सासरे मल्हारराव या कुळातले. म्हणजे आपण दर आषाढीला त्यांच्या मुलखातून चालत जातो. पंढरीत चंद्रभागेकाठी होळकरांचा वाडा आणि त्यातलं राममंदिर आजही आहे. ते अहिल्यादेवींनीच बांधलं.

सीनेकाठची लेक

जन्म ३१ मे १७२५ चा. गाव चौंडी, तालुका जामखेड. सीना नदीच्या काठचं लहानसं खेडं. सीना पुढं जाऊन भीमेला मिळते, म्हणजे पाणीही आपल्याच खोऱ्यातलं. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील, आई सुशीलाबाई. त्या काळात मुलीला लिहायला वाचायला शिकवायची रीत नव्हती. माणकोजींनी शिकवलं. पुढं या लेकीनं हजारो माणसांचा कारभार पाहिला, हिशेबाच्या वह्या तपासल्या, पेशव्यांच्या सरदारांना पत्रं धाडली, त्याचं मूळ बापाच्या या एका निर्णयात आहे.

सांगतात की मल्हारराव चौंडीला मुक्कामाला होते. देवळात दिवा लावायला आलेली पोर त्यांनी पाहिली आणि हीच आपल्या खंडूला करायची असं मनाशी ठरवलं. १७३३ साली लग्न झालं. पोर आठ वर्षांची होती. धनगर समाजातला, भाल्याच्या जोरावर मोठा झालेला हा सासरा. माळव्यात त्यानं मराठ्यांचं बस्तान बसवलेलं. घर म्हणजे छावणीच होती. आज इथं, उद्या तिथं.

१७४५ साली मुलगा झाला, मालेराव. १७४८ साली मुलगी, मुक्ताबाई. सासूबाई गौतमाबाई करारी होत्या. त्यांच्या हाताखाली सून तयार झाली. याच गौतमाबाईंच्या नावानं १७३४ साली पेशव्यांनी ‘खासगी’ करून दिली होती. खासगी म्हणजे घरच्या बाईच्या हक्काचं वेगळं उत्पन्न, दौलतीच्या हिशेबापासून निराळं. ही खासगी ध्यानात ठेवा. पुढच्या कथेचा धागा तिथंच आहे.

तोफखान्याची जबाबदारी

१७५४ साली मराठ्यांनी भरतपूरजवळ कुंभेरच्या किल्ल्याला वेढा घातला. किल्ला जाटांचा राजा सुरजमल याचा. त्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाईंचं वय तेव्हा एकोणतीसही पुरं नव्हतं. त्या काळच्या चालीप्रमाणे त्या सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी अडवलं. म्हाताऱ्या सासऱ्यानं सुनेपुढं पदर पसरला, तूच आता माझा मुलगा म्हणून विनवलं, असं सांगतात. त्या थांबल्या.

थांबणं म्हणजे काय, हे आपण नीट समजून घेतलं पाहिजे. जळून गेल्या असत्या तर लोकांनी वाहवा केली असती, छत्री बांधली असती. थांबल्या म्हणून पुढं चाळीस वर्षं रोज पहाटे उठून जबाबदारी उचलावी लागली. दोन लहान लेकरं, थकत चाललेले सासू-सासरे आणि छावणीतलं राज्य. त्यांनी दुसरी वाट निवडली, आणि ती जास्त अवघड होती.

मल्हाररावांनीही मग सुनेला माजघरात बसवलं नाही. कारभार शिकवला, वसुली शिकवली, फौजेची तरतूद शिकवली. १७६५ सालचं त्यांचं पत्र आहे. त्यात ते सुनेला लिहितात ते असं : चंबळ उतरून ग्वाल्हेरला जा, तिथं चार-पाच दिवस थांब, मोठ्या तोफा ठेव, दारूगोळ्याची जमेल तेवढी तरतूद कर, आणि वाटेच्या बंदोबस्ताला चौक्या बसव. सासऱ्यानं सुनेला लिहिलेल्या पत्रात सणवाराचं नाही, लुगड्याचोळीचं नाही, तोफगाड्यांचं लिहिलेलं आहे! पावसापाण्यात तोफ ओढायला किती बैल लागतात, चाक रुतलं तर काय करायचं, बारूद कोरडी कशी राहील, हे सगळं त्या बाईला ठाऊक असल्याशिवाय असं पत्र कोण लिहील?

म्हणून आम्ही म्हणतो, अहिल्यादेवी देवी होण्याआधी शिपाई होत्या. मुरलेल्या, ऊनपाऊस खाल्लेल्या, मोहिमा केलेल्या. हे विसरलं की मग हातात शिवलिंग घेतलेलं चित्र तेवढं उरतं आणि त्यांच्यामागची वर्षानुवर्षांची मेहनत दिसेनाशी होते.

एकामागून एक

१७६१ साली पानिपत झालं. त्याच वर्षी सासूबाई गेल्या. मे १७६६ मध्ये आलमपूरच्या मुक्कामी मल्हारराव गेले. गादीवर मालेराव बसला. पुरतं वर्षही गेलं नाही तोच १७६७ साली तोही गेला. बावीस वर्षांचं पोर. नवरा, सासू, सासरा आणि आता एकुलता एक मुलगा.

घरात असं सुतक असताना बाहेर माणसं टपलेली असतात, हे आपण आपल्या गावातही पाहतो. बांध कोरायला लोक तेराव्याचीही वाट पाहत नाहीत. इथं तर अख्खी दौलत होती. जुन्या कारभाऱ्यानं सुचवलं की एक लहान मूल दत्तक घ्या, कारभार आम्ही पाहू, बाईंनी देवधर्म करावा. अहिल्याबाईंनी साफ नकार दिला. तेव्हा कारभाऱ्यानं पेशव्यांचे काका रघुनाथराव यांना चिथावलं, आणि ते फौज घेऊन क्षिप्रेच्या काठापर्यंत आले.

अहिल्याबाई रडत बसल्या नाहीत. शिंदे, गायकवाड, भोसले यांना पत्रं गेली. पुण्याला माधवराव पेशव्यांना कळवलं. फौज तयार केली. बायकांची पथकंही उभी केली असं सांगतात. आणि राघोबादादांना निरोप धाडला. त्याचा भावार्थ असा की, तुम्ही आम्हा बायकांना जिंकलंत तर त्यात तुमची कीर्ती नाही, आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, तेव्हा विचार करून पाऊल टाका. दादांनी विचार केला. आम्ही तर दुखवट्याला आलो होतो, असं म्हणून थोड्या माणसांनिशी भेटायला आले. माधवराव पेशव्यांनी अहिल्याबाईंच्या बाजूनं कौल दिला. फौजेचं काम तुकोजी होळकरांकडे आणि कारभार अहिल्याबाईंकडे, अशी घडी बसली. ती १७६७ पासून त्यांच्या शेवटच्या श्वासापर्यंत, अठ्ठावीस वर्षं टिकली.

घडी टिकली म्हणजे कुरबुर नव्हती असं नाही. तुकोजी मोहिमेवर असत, पैसा मागत. बाई हिशेब मागत. कुठल्या घरात हे नसतं? पण त्यांनी हिशेब मागणं सोडलं नाही, आणि घर मोडूही दिलं नाही.

तुळशीपत्र

आता मुख्य गोष्ट. कारभार हाती आला तेव्हा खजिन्यात मोठी रक्कम साठलेली होती. सांगतात की अहिल्याबाईंनी हातात पाणी घेतलं, त्या धनावर तुळशीपत्र ठेवलं आणि ते धर्मकार्याला अर्पण केलं. पुढं राघोबादादांनी पैशाची मागणी केली, तेव्हा उत्तर गेलं की या धनावर तुळशीपत्र ठेवलं आहे. आपण ब्राह्मण आहात, दान म्हणून घ्यायचं असेल तर संकल्प सोडून देते. दादा गप्प बसले.

आपल्या मराठीत एखाद्या गोष्टीवर तुळशीपत्र ठेवलं म्हणजे ती आता माझी नाही, एवढा साधा अर्थ आहे. म्हातारी माणसं म्हणतात ना, त्या जमिनीवर मी तुळशीपत्र ठेवलं. एक पान, वजनाला काहीच नाही. रुक्मिणीनं एकच पान टाकलं आणि सोन्यानं न हललेलं पारडं खाली गेलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो.

पण अहिल्याबाईंचं तुळशीपत्र आणि आपलं नेहमीचं तुळशीपत्र यात एक फरक आहे. आपण नको झालेल्या गोष्टीवर ठेवतो. वैतागून ठेवतो, आणि मग तिच्याकडे वळून बघत नाही. त्यांनी धनावर पान ठेवलं, पण त्या धनाची राखण सोडली नाही. उलट आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवला. आपलं नाही, म्हणूनच जास्त जपायचं. दौलतीचा पैसा दौलतीला, खासगीचा पैसा धर्माला, अशी त्यांची विभागणी होती. देशभर जी देवळं, घाट, धर्मशाळा त्यांच्या नावानं उभ्या राहिल्या, त्यांचा खर्च मुख्यतः या खासगीतून झाला. रयतेवर त्यासाठी वेगळा बोजा टाकला नाही.

प्रपंच करावा नेटका आणि त्यात अडकू नये, असं आपण कीर्तनात ऐकतो आणि मान डोलावतो. प्रत्यक्षात ते कसं दिसतं, हे पाहायचं असेल तर इथं पाहावं.

महेश्वरचा दिवस

इंदूर सोडून त्यांनी नर्मदेकाठी महेश्वरला राजधानी नेली. वाडा साधा, लाकडी. बसायला पांढरी गादी आणि लोड. अंगावर पांढरं वस्त्र. त्यांचा दिवस कसा जाई ते लिहून ठेवलं आहे जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यानं. हा माणूस १८१७ साली महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या विरुद्ध लढलेला, म्हणजे कौतुक करायची त्याला काही गरज नव्हती. पण माळव्यात जो तो बाईंचं नाव काढी, तेव्हा त्यानं त्यांना पाहिलेल्या माणसांकडे चौकशी केली आणि १८२३ साली छापलेल्या ग्रंथात ते सगळं मांडलं.

तो सांगतो ते असं. उजाडायच्या आधी तासभर उठणं. स्नान, पूजा. मग पुराणश्रवण. मग स्वतःच्या हातानं दानधर्म, जेवू घालणं. त्यानंतर स्वतःचं साधं शाकाहारी जेवण. थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो संध्याकाळी सहापर्यंत. आलेल्या माणसाचं म्हणणं स्वतः ऐकून घ्यायचं. मग पुन्हा दोन-तीन तास देवपूजा, थोडा फराळ, आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कामकाज. व्रत, सणवार किंवा तशीच काही अडचण आली तरच यात बदल.

हा क्रम वाचताना आम्हाला आपल्या दिंडीचा दिवस आठवला. पहाटे काकडा, मग वाटचाल, दुपारचा विसावा, पुन्हा वाटचाल, हरिपाठ, कीर्तन, जागर. आपण वर्षातले काही दिवस असे जगतो. त्या बाई अठ्ठावीस वर्षं अशा जगल्या. त्यांचं महेश्वर म्हणजे एका जागी राहून केलेली वारीच होती.

त्या दरबारात विधवा बायका येत. एका सावकाराची विधवा आली. नवरा निपुत्रिक गेलेला, आणि त्याच्या धनावर तुकोजींच्या छावणीतून डोळा होता. अहिल्याबाईंनी त्या बाईची बाजू घेतली, तिचं धन तिच्याकडेच राहू दिलं आणि तुकोजींना तिथून मुक्काम हलवायला लावला. तुकोजींनीही ते ऐकलं. नवरा मेला की दीर-भाऊबंद घरात शिरतात, सह्या-अंगठे घेतात, हे आपल्या गावात अजून थांबलेलं नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका विधवेनं दुसऱ्या विधवेसाठी ते थांबवलं.

वाट, पाणी, सावली

काशीविश्वेश्वराचं आजचं देऊळ त्यांनी बांधलं. सोमनाथला नवं मंदिर उभारलं. गयेचं विष्णुपद, वेरूळचा घृष्णेश्वर, अशी किती नावं घ्यावीत. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंतच्या देवांना गंगेचं पाणी पोचावं अशी व्यवस्था केली. हे सगळं पाठ्यपुस्तकात असतं, म्हणून आम्ही त्यावर फार थांबत नाही.

आम्ही थांबतो ते वाटेपाशी. कारण वारकऱ्याचं देऊळ वाटेवरच सुरू होतं. माल्कम लिहितो की उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरूंना पाणी द्यायला माणसं बसवलेली असत. थंडीत आश्रितांना कपडे दिले जात. महेश्वरच्या आसपास शेतकरी भर दुपारी औत हाकत असला, की बाईंचा माणूस येऊन औत थांबवी आणि बैलांना पाणी पाजी. पाखरांना पिकावरून हाकलतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी शेतं घेऊन ठेवली. नदीतल्या माशांनाही घास मिळे.

आषाढातही ऊन पडलं तर पायाला कसे चटके बसतात आणि गाडीच्या बैलाच्या तोंडाला कसा फेस येतो, हे आपल्याला सांगायला नको. बैलाला पाणी पाजायला माणूस नेमणारं राज्य! आमच्या दिंडीतले जुने गाडीवान म्हणत, आधी बैलाची वैरण, मग आपली पंगत. हा धडा त्यांना कोणी शिकवला नसेल, पण जात तीच.

आणि वाट नुसत्या पाण्यानं चालत नाही. निर्धास्त असावी लागते. विंध्य-सातपुड्याच्या डोंगरांत भिल्लांच्या टोळ्या वाटसरूंना लुटत. अहिल्याबाईंनी आधी सक्तीनं बंदोबस्त केला. पण नुसती सक्ती करून भागत नाही, हे त्या जाणून होत्या. डोंगरातून जाणाऱ्या मालावर थोडा कर घ्यायचा भिल्लांचा जुना हक्क होता, ‘भिलकवडी’. तो त्यांनी मान्य केला. बदल्यात भिल्लांनी वाट राखायची, पडीक जमीन कसायची, त्यांच्या हद्दीत चोरी झाली तर माल शोधून द्यायचा. लुटणाराच राखणदार झाला.

याच सातपुड्याची एक कथा आपल्या संप्रदायात सांगतात. हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या चाकरीत होते. घरी परतताना सातपुड्यात त्यांना लुटारूंनी धरलं. त्यांनी हरिपाठ सोडला नाही, आणि सुटले ते थेट माउलींच्या पायाशी आले. पुढं याच हैबतबाबांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली. तळ, चोपदार, नगारा, घोडे, दिंड्यांचे क्रम, हे सगळं एका शिपाईगड्यानं घालून दिलं. म्हणजे शस्त्र धरलेले हात टाळ-वीणेच्या कामाला लागतात तेव्हा काय घडतं, हे आपण दरवर्षी पायांनी अनुभवतो. अहिल्यादेवींचे घाट, विहिरी आणि चौक्या याही अशाच शिपाई-हातांनी घडलेल्या. वाटेवर चौक्या बसव, असं सासऱ्यानं तोफांसाठी लिहिलं होतं. सुनेनं तेच शिक्षण वाटसरूंसाठी वापरलं.

मुक्ताबाई

चरित्र सांगताना अवघड पान गाळायचं नसतं. म्हणून हेही सांगतो.

मुलगा गेल्यावर अहिल्याबाईंचा जीव मुलीवर आणि नातवावर होता. वाटा लुटारूंपासून मोकळ्या करील त्याला मुलगी देईन, असा पण त्यांनी केला होता, असं सांगतात. तो पुरा करणारे यशवंतराव फणसे जावई झाले. त्यांचा मुलगा नथ्याबा. तो तरणा नातू गेला. त्यापाठोपाठ १७९१ साली जावई गेले. आणि मुक्ताबाई सती जायला निघाली.

राज्याची धनीण असलेली आई लेकीपुढं लोळण घेऊन विनवत होती. मुक्ताबाईनं जे उत्तर दिलं त्याचा अर्थ असा की, आई, तू म्हातारी झालीस, थोड्या वर्षांनी तूही जाशील; माझं मूल नाही, नवरा नाही, मग मी कोणासाठी राहू? आईला उत्तर सुचलं नाही. ती चालत चितेपर्यंत गेली. दोघांनी दंड धरून उभं ठेवलं होतं. ज्वाळा उठल्या तेव्हा तिनं दुःखानं स्वतःचे हात चावले. मग नर्मदेत स्नान केलं, वाड्यात गेली आणि तीन दिवस अन्नाचा कण नाही, तोंडातून शब्द नाही.

वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी म्हाताऱ्या सासऱ्याच्या शब्दावर जी बाई चितेपासून मागं फिरली, तिला सहासष्टाव्या वर्षी स्वतःची लेक मागं फिरवता आली नाही. चालीरीतीपुढं राज्यसत्ताही दुबळी ठरली. ही चाल वाईटच होती, आणि ती गेली हे बरं झालं. यात गौरव शोधू नये. त्या आईचं दुःख तेवढं पाहावं.

चौथ्या दिवशी काय झालं? चरित्र सांगतं की त्या सावरल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. दरबार, पूजा, हिशेब, दानधर्म. लेकीच्या स्मरणार्थ देऊळ बांधायला घेतलं. आमच्या मते अहिल्यादेवींची भक्ती पाहायची ती इथं. देवानं सगळं दिलं म्हणून हात जोडणं सोपं आहे. सगळं नेल्यावर पुन्हा पहाटे उठून स्नान करून देवापुढं बसणं, आणि त्यानंतर परक्याच्या तक्रारी ऐकायला दरबारात बसणं, हे कोणाला जमतं? आपल्या दिंडीतही अशा बाया आहेत. मुलगा गेला त्या वर्षीही तुळस डोक्यावर घेऊन त्या चालल्या. त्यांना विचारलं तर म्हणतात, ‘घरी बसून काय करू? चाललं की जीव थाऱ्यावर राहतो.’

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी अहिल्यादेवींनी देह ठेवला. वय सत्तर.

नर्मदेत सोडलेली पोथी

शेवटी एक गोष्ट, जी लिहिताना आमचाच हात थबकला. एका ब्राह्मणानं अहिल्याबाईंच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाल्या की मी एक दुबळी, पापी बाई, या स्तुतीला पात्र नाही. आणि तो ग्रंथ नर्मदेत टाकायला सांगितलं. ब्राह्मणाची पुढं विचारपूसही केली नाही.

मग आम्ही लिहिलेल्या या पानांचं त्यांनी काय केलं असतं? तेच! स्तुती करून आपण मोकळे होतो. बाईला देवी म्हटलं की तिच्यासारखं वागायची जबाबदारी उरत नाही. ती देवी, आपण साधी माणसं, संपलं.

तसं होऊ नये म्हणून आम्ही या लेखाच्या शेवटी स्तुती ठेवत नाही, एक काम ठेवतो. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसानं कशावर तरी तुळशीपत्र ठेवलं पाहिजे. दिंडी चालवण्याचा मान फक्त गड्यांचा, ही समजूत आपण शंभर वर्षं बाळगली. या वर्षी तिच्यावर पान ठेवू या. यंदाच्या वारीपासून दिंडीच्या वहीत प्रत्येक बाईचं पूर्ण नाव आणि गाव लिहिलं जावं. भिशीचा हिशेब मांडताना, तळ ठरवताना त्यांनाही विचारावं. ज्या म्हाताऱ्या आता चालू शकत नाहीत, पण अमक्या साली कोण कोण होत्या हे ज्यांना आठवतं, त्यांच्याजवळ बसून जुन्या बायांची नावं उतरवून घ्यावीत. माणसं जातायत, नावं त्यांच्याबरोबर जातायत. उशीर करून चालणार नाही.

आम्ही सुरुवात केली आहे. जुन्या वहीच्या शेवटी काही पानं कोरी होती. त्यावर ‘सोबत बायामाणसं’ असा मथळा घातला आणि खाली ओळी आखल्या आहेत. वही दिंडीच्या मुक्कामी विणेकऱ्यांजवळ असेल. आपल्या आजीचं, पणजीचं नाव ठाऊक असेल त्यानं येऊन सांगावं.

राम कृष्ण हरी.